सहा तारांवरचा जुना दावा

गाण्यात तयारी मोठी की भाव मोठा, हा प्रश्न करवीरच्या मुलखात नवा नाही. पूर्वी तो गवयाच्या गळ्यासंबंधाने विचारला जाई आणि अलीकडे तो गिटारच्या सहा तारांसंबंधाने विचारला जाऊ लागला आहे, एवढाच काय तो फरक. कोल्हापूर शहराला खेटून हुपरीच्या वाटेवर वसलेल्या आमच्या उचगावात वाद्य म्हटले की एके काळी भजनी मंडळाची पेटी, पखवाज आणि टाळ, फार तर मिरवणुकीतली हलगी आणि घुमके, यांच्यापलीकडे कोणाची नजर जात नसे. आज महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर काळ्या पिशवीतली गिटार दिसली, तर कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसेदेखील मान वळवीत नाहीत. या मुलांत सरळ दोन तट पडलेले आढळतात. एका तटाचे म्हणणे असे, की बोटे मोकळी होऊन पट्टीवर बिनचूक धावू लागेपर्यंत वादनाची गोष्टच काढू नये; दुसऱ्याचे म्हणणे असे, की चार कॉर्ड पुरेत, ‘फील’ असला म्हणजे झाले, आणि ज्याला फील नाही त्याने नुसता स्पीड दाखवून काय मिळवायचे? दोन्ही पक्षांची कैफियत ऐकून घेण्याजोगी आहे. परंतु फैसला करण्यापूर्वी हाच दावा अन्यत्र कोठे कोठे आणि कोणत्या दाखल्यांनिशी लढविला गेला, हे पाहून घेणे अगत्याचे वाटते.

प्रथम वाद्याची प्रकृती ध्यानात घेतली पाहिजे. व्हायोलिनवर गज फिरत आहे तोवर स्वर जिवंत असतो, बासरीत फुंक आहे तोवर तो वाढविता येतो, पेटीचा भाता हलत आहे तोवर तो टिकतो. गिटारची तार मात्र छेडली त्या क्षणापासूनच तिचा स्वर क्षीण होऊ लागतो आणि त्याचा आरंभ कसा करावा व अंत केव्हा करावा, एवढाच अधिकार वादकाकडे उरतो. त्यातून पट्टीवर धातूचे पडदे ठोकलेले. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाण्याची जी मींड, जिच्यात आपल्या कानाला निम्मे गाणे भेटते, ती येथे तार आडवी ओढून जेवढी साधेल तेवढीच साधायची. सतारीच्या रुंद पडद्यावर एकाच ठिकाणी बोट ठेवून चार-पाच स्वर ओढता येतात. पोलादी तारांच्या गिटारवर एखादा स्वर ओढता ओढताच नवशिक्याच्या बोटांची पेरे सोलवटून निघतात, आणि नायलॉनच्या तारेवर तेवढाही वाव नाही. असल्या दरिद्री वाद्यावर भाव प्रकट करावयाचा, म्हणजे प्रत्येक भावासाठी कोणते ना कोणते कसब नव्याने शोधून काढणे प्राप्तच आहे. आणि गिटारचा इतिहास हा बव्हंशी अशा शोधांचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

यातला सर्वांत बोलका दाखला फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश वादकाचा. ग्रॅनाडातील अल्हम्ब्रा राजवाड्याच्या स्मृतीवर त्याने १८९६ च्या सुमारास रचलेली रचना आज जगभरच्या गिटारविद्यार्थ्यांच्या परीक्षेची आणि श्रोत्यांच्या डोळ्यांतील पाण्याची, अशी दुहेरी धनीण होऊन बसली आहे. तिच्यात उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवरून आपली चाल एकेक स्वराने टाकीत जातो, आणि त्याच्या प्रत्येक आघातामागून अनामिका, मध्यमा व तर्जनी अशी तीन बोटे क्रमाने येऊन वरच्या एकाच तारेवरचा एकच स्वर छेडतात. हे चक्र इतक्या वेगाने आणि इतक्या समतोलाने फिरते, की ऐकणाराला तीन वेगवेगळे आघात ऐकू येतच नाहीत. त्याला ऐकू येतो तो न मावळणारा, किंचित थरथरणारा एक दीर्घ स्वर, जो या वाद्याच्या कुडीत मुळी नाहीच. तिन्ही बोटांत अनामिका स्वभावतः दुर्बळ. ती तसूभर जरी मागे रेंगाळली तरी स्वर लंगडू लागतो आणि करुण वाटणारी तीच ओळ क्षणात हास्यास्पद होते. श्रोता वादकाच्या भावनेची तारीफ करीत घरी जातो, आणि वादकाला मात्र पक्के ठाऊक असते, की महिनोन्महिने दिव्याखाली बसून त्या एका बोटाचे दौर्बल्य घालविले नसते, तर भावना अंतःकरणात असूनही ती तारेपर्यंत पोहोचली नसती. याच तार्रेगाने उत्तरायुष्यात नखे काढून टाकून बोटांच्या नुसत्या मांसल टोकांनी वाजविण्यास आरंभ केला. त्याचा शिष्य एमिलियो पुहोल याने त्या मऊ, गोलसर स्वराचा कैवार घेऊन स्वतंत्र निबंध लिहिला. उलट आंद्रेस सेगोव्हिया याने नखाच्या धारदार स्वराने मोठमोठी सभागृहे भरून दाखविली आणि व्यवहारात सेगोव्हियाचाच पक्ष विजयी झाला. नखाची वादाला पुरेल एवढी लांबी ही बाब तांत्रिक म्हणावी की भावनेची, याचा निवाडा ज्याला करता येईल त्याने अवश्य करावा. मला तो करता येत नाही.

भावपक्षाचा खरा वकील म्हणजे स्पेनचाच कवी फेदेरिको गार्सिया लोर्का. १९३३ साली बुएनोस आइरेस येथे दिलेल्या एका व्याख्यानात त्याने अंदालुसियातील गायकवादकांच्या अंगात संचारणाऱ्या ‘दुएंदे’ नामक शक्तीचे जे वर्णन केले, त्याला तोड नाही. त्यात तो एक हकीकत सांगतो. पास्तोरा पाव्होन ही फ्लामेंकोची थोर गायिका कादिस येथील एका मद्यगृहात गात होती; गळा तिच्या पूर्ण ताब्यात होता, हरकती निर्दोष उतरत होत्या, आणि श्रोते ढिम्म बसून होते. एका माणसाने तर उपरोधाने पॅरिसचा जयजयकार केला; येथे आम्हाला गुळगुळीत हुन्नर नको, असा त्याचा आशय. त्यावर ती चवताळून उठली, कडक दारूचा पेला घशाखाली ओतला, आणि आवाजाची सारी मिजास टाकून देऊन भाजलेल्या घशाने अशी गायिली की श्रोत्यांचे भान हरपले. ही हकीकत सांगून कसबावर डाग लावणारे लोक आमच्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांच्या लक्षात एक गोष्ट येत नाही: तिला आवाज फाडता आला, कारण फाडावयाला तिच्यापाशी आवाज होता. ज्याने आयुष्यात एक तान धड घेतली नाही त्याने तान टाकून दिली, तर त्यात त्यागही नाही आणि दुएंदेही नाही.

हा मुद्दा आम्हा कोल्हापूरकरांना परक्या देशातून शिकण्याची गरज नव्हती. शाहू छत्रपतींच्या दरबारी १८९५ च्या सुमारास आलेले अल्लादियाखाँसाहेब हे ज्या पेचदार, दमसासाच्या आणि बुद्धीला घाम फोडणाऱ्या गायकीचे जनक म्हणून विख्यात आहेत, ती गायकी निर्माण झाली ती एका आपत्तीतून. तरुणपणी आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानी गावी अतोनात गाणे झाल्याने त्यांचा आवाज बसला, आणि तो सुमारे दोन वर्षे परत आला नाही. आला तेव्हा त्याची पूर्वीची गोडी आणि लवचीकपणा गेलेला होता. असला आवाज घेऊन दुसरा कोणी हरी हरी करीत बसला असता. खाँसाहेबांनी त्या आवाजाला झेपेल अशी, आकाराने भारदस्त आणि लयीच्या मात्रामात्रेत गुंफलेली, तानेची नवी घडण तयार केली, आणि त्यांच्या घराण्याची जी विद्वत्ता म्हणून पुढे वाखाणली गेली, तिच्या मुळाशी गमावलेल्या गळ्याचे दुःख आहे. गिटारच्या जगात याचे प्रतिरूप म्हणजे जँगो राइनहार्ट. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची शेवटची दोन बोटे जायबंदी झाली. उरलेल्या दोन बोटांनी स्वरपंक्ती कशा घ्यायच्या याचा त्याने स्वतःपुरता नवा दस्तूर घालून घेतला, आणि १९३४ पासून स्टेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकासह पॅरिसमध्ये त्याने जे वादन केले, त्याच्या वेगाशी दहाही बोटे धड असलेल्यांना आजतागायत बरोबरी करता आलेली नाही. आणि गंमत अशी, की या वेगवान माणसाची लोकांच्या ओठी बसलेली चीज, १९४० ची ‘न्युआज’, ही संथ आहे.

मराठीत या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध ऊहापोह वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथात केला. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या या गृहस्थांनी घराण्यांची मांडणीही एखाद्या ताळेबंदाप्रमाणे केली: एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय, आणि त्यांच्या दरम्यान ज्याचे त्याचे स्थान. स्वराकडे झुकलेले किराणा घराणे भावनेला जवळचे, लयीकडे झुकलेले आग्रा घराणे बुद्धीला जवळचे, आणि अल्लादियाखाँचे जयपूर घराणे दोहोंचा तोल साधणारे, हा त्यांचा निष्कर्ष वादग्रस्त असला तरी उपयुक्त आहे. आमच्या बाजूला तर या दोन वृत्तींचे भूगोलातच ठाणे पडलेले होते, कारण किराण्याचे अब्दुल करीमखाँ मिरजेस राहत आणि जयपूरचे अल्लादियाखाँ कोल्हापुरास. मधले अंतर सुमारे पन्नास किलोमीटरांचे. करीमखाँच्या एका षड्जाने विरघळणारे आणि अल्लादियाखाँच्या तानेला मान डोलावणारे रसिक त्या काळी एकाच रेल्वेगाडीने प्रवास करीत आणि वाटभर भांडत, असे मी मनाशी चित्र रंगवितो. ते खरे असेलच असा माझा दावा नाही.

परंतु बुद्धीचे घराणे आणि भावाचे घराणे ही वाटणी कितपत टिकते, याची एक विलक्षण परीक्षा १९७७ साली झाली. अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील संगीताची एक सोनेरी तबकडी बसविण्यात आली. तीत हिंदुस्थानी संगीताच्या वतीने निवड झाली ती अल्लादियाखाँच्या पट्टशिष्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीची. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या, बालपणी काही काळ कोल्हापुरात शिकलेल्या, आणि तयारीच्या बाबतीत कोणालाही पुढे जाऊ न देणाऱ्या केसरबाई त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निवर्तल्या. त्याच तबकडीवर टेक्ससचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन याचे १९२७ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झालेले गिटारवादन आहे. त्यात शब्द नाहीत. तारेवरून काहीतरी घासत नेऊन काढलेले लांब, विव्हळणारे स्वर आणि त्यांच्याबरोबर बंद ओठांतला हुंकार, एवढाच त्याचा प्रपंच. तारेवर घासलेली वस्तू सुरी होती की बाटलीचा गळा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नवख्याला हे वादन म्हणजे नुसता आकांत वाटेल. हातात गिटार घेऊन त्याची नक्कल करावयास बसले म्हणजे मग कळते, की पडद्यांचा आधार सुटल्यावर एकेक स्वर त्याच्या नेमक्या जागी आणून थांबविणे, गळ्याच्या हुंकाराशी त्याचा मिलाफ करणे आणि हुंकार संपल्यावर त्याच स्वराची शेपटी तारेवर पुरी करणे, हे किती अवघड काम आहे. विद्वान घराण्याची गायिका आणि रस्त्यावर गाणारा अंध भिक्षेकरी यांना एका तबकडीवर बसविणाऱ्या समितीने आपल्या वादाचा निकाल देण्याचा हेतू धरला नसेल. माझ्यापुरता तो तेव्हाच लागला.

घासून वाजविण्याची ही पद्धत हिंदुस्थानात मोठ्या थाटाने रुजली, आणि तिचे कारण आपल्या कानाच्या घडणीत आहे. हवाई बेटांतून आलेली, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजविण्याची गिटार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे पोहोचली, आणि जिला मींड काढता येते तिला आम्ही तत्काळ आपली मानली. ‘प्रभात’च्या चित्रपटांत केशवराव भोळे यांनी तिला स्थान दिले, पुढे व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीते तिच्यावर वाजवून घरोघर पोहोचविली. खरे घराणे तिला लाभले ते ब्रिजभूषण काब्रा यांच्यामुळे. अली अकबरखाँच्या या शिष्याने गिटारवर आलाप-जोड मांडला. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका मी येथे मुद्दाम काढतो, कारण तीत गिटार आणि संतूर ही दोन वाद्ये, ज्यांच्याविषयी येथे मींड नाही आणि म्हणून भाव नाही असे जाणते लोक बोलत, एकत्र बसली आहेत. एकाने मींड मिळविण्यासाठी वाद्य वाजविण्याची रीतच पालटली, दुसऱ्याने आघात बारीक करीत करीत मींडेचा भास उत्पन्न केला. तार्रेगाच्या तीन बोटांचाच हा सख्खा भाऊ. विश्वमोहन भट यांनी पुढे तरफा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि राय कूडर यांच्यासह १९९४ चे ग्रॅमी पारितोषिक मिळविले, हे सर्वविश्रुतच आहे.

उलट दिशेचा प्रवास जॉन मॅकलाफलिन याने केला. झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा वृंद त्याने काढला तेव्हा पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेली आणि आडव्या तरफा बसविलेली गिटार त्याने खास करवून घेतली, कारण गमक घ्यायची तर तार लाकडाला न टेकता खाली दाबता आली पाहिजे, हे त्याने ओळखले होते. तोच मॅकलाफलिन ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे पाको दे लुसिया आणि अल डी मेओला यांच्याबरोबर बसला, आणि त्या रात्रीची जी ध्वनिमुद्रिका निघाली ती वेगाच्या पंथाचा जणू धर्मग्रंथ होऊन बसली. ती मी अनेकदा ऐकली आहे. तिच्यातली चढाओढ मोठी मजेची आहे, श्रोत्यांचा आरडाओरडा खरा आहे, आणि तरीही काही वेळाने माझे लक्ष उडते. पाकोच्या एकट्याच्या जागा येतात तेव्हा ते परत येते, कारण त्याच्या वेगाखाली फ्लामेंकोचा ठेका ठाम उभा असतो आणि वेगाला कोठे परतून यायचे आहे याची खूण त्यात असते. आपल्याकडे समेवर न येणाऱ्या तानेला कोणी तयारी म्हणत नाही. तोच न्याय येथे लावावा.

आता भावपक्षाच्या आळसाचाही समाचार घेतला पाहिजे. चार कॉर्डवाले तरुण बहुधा साधेपणाचा आश्रय घेतात, आणि साधेपणाचे थोर नमुने आहेतही. एलिझाबेथ कॉटन ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाई डावखुरी. उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेले वाद्य तिने तसेच उलटे धरले, त्यामुळे खर्ज बोटांकडे आणि चाल अंगठ्याकडे गेली, आणि या उलट्या व्यवस्थेतून तिच्या वादनाची एक शैलीच निर्माण झाली. अनेक वर्षे तिने लोकांच्या घरची धुणीभांडी केली आणि साठी उलटल्यावर ती रंगमंचावर आली. तिचा जन्म १८९३ चा आणि मृत्यू १९८७ चा. सेगोव्हियाचीही हीच दोन वर्षे. एकाने दरबारी सभागृहे जिंकली, दुसरीने स्वयंपाकघरात बसून वाजविले, आणि दोघांच्याही अंगठ्याची लय मोजून पाहिली तर कोठेही ढिलाई आढळणार नाही. साधे वाजविणे म्हणजे कच्चे वाजविणे नव्हे, हे आमच्या चार कॉर्डवाल्यांना कोणी तरी रोखठोक सांगायला हवे. त्यांच्या कॉर्ड बदलताना मध्ये पडणारी फट भावनेने भरून निघत नाही.

गिटारच्या कुडीवर थापा मारून तबला, ढोल आणि स्वर एकट्यानेच काढण्याचा जो संप्रदाय मायकेल हेजेस याच्या १९८४ च्या ‘एरियल बाउंड्रीज’पासून वाढला आणि २००६ च्या सुमारास अँडी मॅकी याच्या चित्रफितींनी घरोघर पोहोचला, त्याविषयी थोडक्यात सांगतो. हेजेसच्या हातात तो संगीताचा विस्तार होता. त्याच्या अनुयायांपैकी पुष्कळांच्या हातात तो डोळ्यांना दाखविण्याचा खेळ झाला आहे. ज्या वादनाची चित्रफीत पाहताना आश्चर्य वाटते आणि डोळे मिटून ऐकताना काहीच उरत नाही, ते वादन संगीताच्या खात्यात जमा धरू नये.

शास्त्रज्ञांनीही या प्रश्नात हात घातला आहे. आयोवा विद्यापीठातील कार्ल सीशोर याने उपकरणांच्या साह्याने गायकवादकांचे ध्वनी मोजून १९३८ साली असा सिद्धांत मांडला, की कलावंताचा भाव हा नियमित स्वरापासून आणि नियमित लयीपासून त्याने जाणूनबुजून केलेल्या सूक्ष्म विचलनात असतो. सिद्धांत एकांगी आहे. परंतु त्याच्यातून एक व्यावहारिक सत्य निघते: ज्याची लय मुळात स्थिर नाही, त्याचे विचलन हेतुपुरस्सर आहे की नाइलाजाचे, हे श्रोत्याला समजणार कसे?

एका जुन्या अन्यायाची येथे आठवण होते. ज्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीसारख्या ठोकळेबाज वाद्यातून गाण्याची नजाकत काढली, त्यांच्या हयातीत, १९४० साली, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. कारण काय, तर तिच्यात मींड नाही आणि तिचे स्वर परकीय. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. वाद्याच्या अंगी काय नाही यावरून त्याची सनद काढून घेण्याची ही वृत्ती आज गिटारच्या बाबतीत निराळ्या वेषाने वावरते. घरातील वडीलधारी मंडळी ‘तयारीचा आहे हो, पण गाणं कुठाय?’ असे म्हणून मुलाला निकालात काढतात, आणि तो मुलगा हट्टाने आणखी वेग वाढवितो. कसब आणि भाव असे वेगळे काढता येत नाहीत, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मिरजेच्या सतारमेकरांकडे तंबोऱ्याची जव्हारी काढताना पाहावे. कारागीर घोडीचा पृष्ठभाग केसभर घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा काढतो, पुन्हा घासतो, आणि अचानक एका घासण्यासरशी मुका स्वर फुलून येतो. एक घासणे जास्त झाले तर तो पुन्हा मिटतो. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या गुंजनाला लोक हृदयस्पर्शी म्हणतात, आणि ते गुंजन कानशीच्या या हिशेबी घासण्यातून जन्मते.

माझा निर्णय असा. ज्याला आपण ‘नुसती तयारी’ म्हणून हिणवितो ती वस्तुतः अपुरी तयारी असते; वेगाचे अंग कमावलेले असते आणि स्वर किती वेळ राहू द्यावा, कोठे तोडावा, तारेला घोडीजवळ छेडावे की मध्यावर, ही दुसरी सारी अंगे कच्ची राहिलेली असतात. आणि ज्याला ‘नुसता भाव’ म्हणतात तो बहुधा वादकाच्या मनातच राहिलेला असतो, श्रोत्यापर्यंत येतच नाही. दावा दोन्ही पक्षांविरुद्ध जातो.

उचगाव, गांधीनगर आणि शहरातील उपनगरांतून गिटारचे वर्ग चालविणाऱ्या शिक्षकांना माझी एक साधी विनंती आहे. वर्षाच्या शेवटी तुम्ही जो जलसा करता, त्यात ध्वनिक्षेपक बंद ठेवून, गावातल्या भजनी मंडळाच्या दहा-बारा जाणत्यांना पुढच्या रांगेत बसवून, प्रत्येक मुलाकडून एकच संथ रचना वाजवून घ्या. वेगाची रचना हवी तर त्यानंतर घ्या. कोणाची तयारी झाली आहे, हे त्या पुढच्या रांगेला बरोबर सांगता येईल.